संकेतस्थळांच्या प्रोग्रॅमिंग भाषा व मराठीतून स्वयंशिक्षण : एक ऐतिहासिक टिपण

प्रस्तावना :
गुहागर तालुक्यातील अंजनवेल हे गाव वाशिष्ठीच्या मुखावरील गोपाळगडामुळे इतिहासास परिचित आहे. ऑगस्ट १९९५ मध्ये राज्य शासनाने एन्रॉनचा वीज प्रकल्प रद्द केला, तेव्हा हा परिसर देशभर चर्चेत आला. प्रकल्पास नाव मात्र खाडीपलीकडील दाभोळचे होते. त्याच महिन्याच्या १५ तारखेस विदेश संचार निगमने मुंबईसह महानगरांत इंटरनेट सेवा सर्वसामान्यांसाठी खुली केली. पीएचपी व जावास्क्रिप्ट या संकेतस्थळे घडविणाऱ्या भाषाही १९९५ मध्येच पुढे आल्या. महानगरापासून दूर असलेल्या अंजनवेलसारख्या गावातील विद्यार्थ्यास अशी भाषा शिक्षकाविना शिकता यावी, यासाठी कोणती साधने निर्माण झाली, हे प्रस्तुत लेखात पाहिले आहे.

साधनांची वाटचाल :
प्रारंभी संकेतस्थळ हेच पाठ्यपुस्तक होते. ब्राउझरमधून कोणत्याही पानाची मूळ संहिता पाहता येई व ती उतरवून, बदलून शिकता येई. पीएचपीची संहिता मात्र सर्व्हरवरच राहते. ती अशी पाहता येत नाही. त्यामुळे माहितीपुस्तिका अपरिहार्य ठरली. पीएचपीची अधिकृत पुस्तिका जपानी, तुर्की, ब्राझिली पोर्तुगीज अशा भाषांत आहे, मराठीत नाही. महाराष्ट्रात २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले व एमएस-सीआयटीमुळे संगणक साक्षरता गावोगावी पोहोचली. परंतु संगणक वापरणे आणि संगणकासाठी लिहिणे या भिन्न गोष्टी होत.

ही उणीव काही अंशी आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रमाने भरून काढली. प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या उपक्रमास २००९ मध्ये सुरू झालेल्या केंद्र शासनाच्या राष्ट्रीय शिक्षण अभियानाचे अर्थसाहाय्य लाभले. पाठ सुमारे दहा मिनिटांचा. पडद्यावरील कृती इंग्रजीतच, निवेदन मात्र मराठीत. पाठाची संहिता एखाद्या नवशिक्याकडून तपासून घेण्याची पद्धत विशेष उल्लेखनीय आहे. एक्सॅम्प हे मोफत सॉफ्टवेअर आपल्याच संगणकावर सर्व्हर उभा करते. ते व पाठ एकदा हाती आले की सरावासाठी इंटरनेट जोडणीची गरज उरत नाही. किनाऱ्यावरील गावाच्या दृष्टीने ही सोय लहान नव्हे.

चुकीचा प्रश्न :
एकट्याने शिकणारा खरा अडतो तो चुकीपाशी. पीएचपीत सेमीकोलन विसरल्यास संदेश बहुधा पुढच्या ओळीकडे बोट दाखवितो. झीव सुरास्की व अँडी गुटमन्स या इस्राएली विकासकांनी घडविलेल्या पीएचपीच्या गाभ्यात दुहेरी कोलनला ‘पामायिम नेकुदोतायिम’ हे हिब्रू नाव होते; चुकीच्या संदेशात ते उमटले की जगभरचे नवशिके बुचकळ्यात पडत. निर्मात्यांची मातृभाषा अशी साधनात शिरते, हे मराठी अभ्यासकांनी ध्यानात घेण्याजोगे आहे. मराठी पाठमालेत नेहमीच्या चुकांवर स्वतंत्र पाठ आहेत. मालेचा तोच सर्वांत मोलाचा भाग होय.

तथापि भाषा बदलते, ध्वनिमुद्रित पाठ तसाच राहतो. डेटाबेसशी जोडणी करणारी, ‘मायएसक्यूएल’ या नावाने सुरू होणारी जुनी फंक्शने त्या काळच्या पाठांत सर्रास आढळतात. डिसेंबर २०१५ मध्ये आलेल्या पीएचपी ७ मधून ती काढून टाकण्यात आली. त्यामुळे मराठी निवेदनानुसार अक्षरशः टंकलेखन करणाऱ्या विद्यार्थ्यास आज पडद्यावर एकच उत्तर मिळते, तेही इंग्रजीत : असे फंक्शन अस्तित्वात नाही.