कायद्यांतून सुटलेली भाजी

सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं रोमचा विख्यात वक्ता सिसेरो एका मेजवानीस गेला आणि आजारी पडला. दहा दिवस पोटाच्या विकारानें त्याला जर्जर केलें. अंगांत ताप नसल्यामुळें लोकांना त्याचें दुखणें खरें वाटेना. म्हणून तो टस्क्युलम येथील आपल्या वाडीवर जाऊन राहिला. दोन दिवस त्यानें पाण्याचा थेंबहि तोंडांत घातला नाहीं. तेथून त्यानें गॅलस नांवाच्या मित्राला लिहिलेलें पत्र सुदैवानें आज उपलब्ध आहे. कालवें आणि वाम यांसारख्या पदार्थांपासून आपण सहज दूर राहत होतों, पण बीट आणि मॅलो या दोन पालेभाज्यांनीं आपल्याला दगा दिला, अशी कबुली त्यानें या पत्रांत दिली आहे. मॅलो ही आपल्या भेंडी-अंबाडीच्या कुळांतील बुळबुळीत पानांची भाजी. आणि बीटाचीहि त्या काळीं मुख्यतः पानेंच खात असत. परंतु खरी मौज पुढेंच आहे. या दुखण्याचें खापर सिसेरोनें स्वयंपाक्याच्या माथीं न मारतां एका कायद्याच्या माथीं मारलें आहे!

भाजी खाऊन पोट बिघडावें आणि दोष कायद्याला लागावा, हें कसें घडलें तें समजण्यासाठीं आपणांस थोडें मागें जावें लागेल. लिव्ही हा इतिहासकार सांगतो कीं, इ. स. पू. 187 मध्यें आशियांतून विजयी होऊन परतलेल्या सैन्याबरोबर रोममध्यें चैन शिरली. पूर्वीं स्वयंपाकी हा सर्वांत हलक्या किमतीचा गुलाम. आतां त्याचा भाव चढला आणि त्याच्या कामाला कलेची प्रतिष्ठा आली. जुन्या वळणाच्या लोकांना हें पाहवेना. इ. स. पू. 161 मध्यें सीनेटनें ठराव केला कीं, उत्सवप्रसंगीं एकमेकांना मेजवान्या देणाऱ्या प्रमुख नागरिकांनीं शपथ घ्यावी: एका जेवणावर 120 ॲस या नाण्यांहून अधिक खर्च करणार नाहीं, चांदीचीं भांडीं 100 रोमन पौंडांहून अधिक मांडणार नाहीं, आणि मद्य परदेशचें न आणतां स्वदेशचेंच देईन. मात्र या 120 नाण्यांच्या हिशेबांतून तीन वस्तु वगळल्या होत्या – भाजीपाला, पीठ आणि मद्य. त्याच वर्षीं झालेल्या फॅनिअन कायद्यानें सामान्य दिवसाच्या जेवणाची मर्यादा दहा ॲसवर आणली. पुढें लिसिनिअन कायद्यानें खारवलेल्या मांसाचें वजनहि ठरवून दिलें. परंतु जमीन, द्राक्षवेल आणि झाड यांपासून जें जें निपजतें तें वाटेल तितकें वापरावयास मोकळीक ठेवली.

कायदा करणारांचा हेतु सरळ होता. भाजी आणि घरचें मद्य हें शेतकऱ्याचें जेवण. त्यांत चैन ती कसली? पण येथेंच त्यांचा तर्क चुकला. श्रीमंतांनीं कायदा मोडला नाहीं, त्यांनीं तो अक्षरशः पाळला! जी वस्तु कायद्यांतून सुटली होती तिलाच त्यांनीं सिंहासनावर बसविलें. अळंबी आणि साध्या पालेभाज्या ते असे मसाले घालून सिद्ध करूं लागले कीं, त्यांहून रुचकर कांहीं असूं नये. लेंट्युलसच्या घरच्या ज्या मेजवानीनें सिसेरोला अंथरुणाला खिळविलें ती अशीच होती. काटकसरीच्या कायद्यानेंच आपला घात केला, असें तो म्हणतो तें यामुळें.

आतां रोमन पंगतींत भाजी आणि मद्य यांची जोडी कशी जमवीत तें पाहूं. जेवणाचा आरंभ ‘गुस्टाटिओ’ नांवाच्या चटकमटक पदार्थांनीं होई. लेट्यूसचीं पानें, लीक म्हणजे कांद्याच्या जातीची पात, पुदिना, खारवलेलीं ऑलिव्ह फळें आणि त्यांच्या जोडीला अंडीं, असा हा थाट असे. यांबरोबर ‘मुल्सुम’ म्हणजे मध घातलेलें द्राक्षमद्य येई. आरंभीच्या या पदार्थांचें ‘प्रोमुल्सिस’ हें दुसरें नांव त्या मद्यावरूनच पडलें. कोलुमेल्ला या कृषिशास्त्रज्ञानें मुल्सुमची कृति दिली आहे. सुमारें तेरा लिटर ताज्या द्राक्षरसांत दहा रोमन पौंड, म्हणजे सव्वातीन किलो, चांगला मध घालावा आणि भांड्याचें तोंड बंद करून तें महिनाभर ठेवावें. भाज्यांवर व्हिनेगर, तेल आणि माशांचें खारें पाणी पडत असे. अशा आंबट-खारट पदार्थाशेजारीं गोड पेय कां रुचतें, तें लोणच्याजवळ गुळांबा वाढणाऱ्या आपल्या गृहिणींना निराळें सांगावयास नको.

या जोड्यांविषयीं त्या काळींहि वाद चालत. होरेस कवीनें एका उपहासपर काव्यांत एका खवय्याच्या तोंडीं मोठें गंभीर शास्त्र घातलें आहे. कडक फालेर्नियन मद्यांत मध मिसळणें ही चूक. रिकाम्या पोटीं सौम्य मुल्सुमच हवें. आणि मद्यानंतर लेट्यूस खाल्लें तर तें आंबलेल्या पोटांत तरंगत राहतें, असा त्याचा सिद्धान्त! पुढच्या शतकांत मार्शल कवीला प्रश्न पडला कीं, आजोबांच्या जेवणाच्या शेवटीं येणारें लेट्यूस आपल्या जेवणाच्या आरंभीं कां येऊं लागलें? आणि ज्याच्या कडक शिस्तीचा दाखला पिढ्यान्‌पिढ्या दिला गेला, ज्यानें मेजवानीवरील निर्बंध सैल करण्यास विरोध केला, त्या वडील केटोनेंहि आपल्या शेतीवरील ग्रंथांत मद्यपींसाठीं एक तोडगा नोंदवून ठेवला आहे. जेवणापूर्वीं व्हिनेगरमध्यें कालविलेला कच्चा कोबी पोटभर खा, जेवणानंतर पुन्हां पांच पानें खा. मग वाटेल तितकें प्या, कांहीं बाधणार नाहीं! या तोडग्यावर कोणीं विसंबूं नये, हें सांगणें नलगे.

या भाज्यांना चव आणणाऱ्या वस्तूंत आपल्या देशाचाहि वांटा होता. आपिसियसच्या नांवानें चालत आलेल्या पाककृतिसंग्रहांत उकडलेल्या बीटावर मोहरी, थोडें तेल आणि व्हिनेगर घालावयास सांगितलें आहे. आणि दुध्या भोपळ्याच्या प्रकारांत मिऱ्यांची पूड येते. तीं मिरीं मलबारच्या किनाऱ्यावरून, मुझिरिस बंदरांतून जात. उलट ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकांतील ग्रीक प्रवासग्रंथांत भडोच बंदरीं उतरणाऱ्या मालांत मद्याची नोंद असून, त्यांत इटलीच्या मद्याला अधिक पसंती होती असें म्हटलें आहे. भडोचहून वीस दिवसांच्या वाटेवर असलेल्या आपल्या पैठणचाहि त्यांत उल्लेख आहे. मद्याबरोबर भाजी ही कल्पनाहि येथें परकी नव्हती. वात्स्यायनानें नागरकांच्या पानगोष्ठींचें वर्णन करतांना लवण, फळें, हिरव्या भाज्या आणि कडू, तिखट, आंबट असे ‘उपदंश’ सांगितले आहेत. उपदंश म्हणजे घोटाबरोबर तोंडीं लावावयाचा पदार्थ.

परंतु आपण पुन्हां कायद्याकडे वळूं. ज्यूलियस सीझरनें बाजारांत पहारे बसविले, आणि पहारेकऱ्यांच्या हातून निसटलेले निषिद्ध पदार्थ मांडलेल्या पंगतींतून उचलून आणविले. तरीहि चैन हटली नाहीं. शेवटीं इ. स. 22 मध्यें सीनेटनें हा प्रश्न टायबेरियस बादशहापुढें टाकला, तेव्हां त्यानें नवा निर्बंध करण्याचें नाकारलें. सुधारणा ज्याच्या त्याच्या मनांतूनच झाली पाहिजे, असा त्याच्या उत्तराचा आशय होता. टॅसिटस सांगतो कीं, पंगतीचा हा अतिरेक पुढें आपोआप ओसरला. लहान गांवांतून आणि प्रांतांतून रोमला आलेल्या नव्या माणसांनीं घरची काटकसर बरोबर आणली, आणि इ. स. 69 मध्यें गादीवर आलेला व्हेस्पेशियन बादशहा स्वतःच जुन्या साध्या रीतीनें जेवीत असे. जें दोन शतकांच्या कायद्यांनीं साधलें नाहीं तें उदाहरणानें साधलें.

कोमो गांवाहून आलेला धाकटा प्लिनी हा अशाच नव्या माणसांपैकीं एक. इ. स. 100 च्या सुमारास त्यानें सेप्टिसियस क्लारस या मित्राला एक लटक्या रागाचें पत्र लिहिलें. जेवावयाचें कबूल करून मित्र आलाच नव्हता! माणशीं एक लेट्यूस, तीन गोगलगायी, दोन अंडीं, खपली गव्हाच्या भरडीची पेज, मुल्सुम आणि त्यांत घालावयास बर्फ, शिवाय ऑलिव्ह, बीट, दुध्या भोपळा आणि कंद, असा बेत प्लिनीनें मांडून ठेवला होता. करमणुकीला नट, ग्रंथवाचक किंवा वीणावादक होता. पण मित्र गेला दुसरीकडे, कालवें खावयास आणि गाडेसच्या नर्तकींचा नाच पाहावयास! आतां विरघळून गेलेल्या बर्फासुद्धां सारा खर्च भरून दे, असा प्लिनीचा दावा आहे.

श्रोतेहो, लेंट्युलसच्या पंगतींतहि बीट होतें आणि प्लिनीच्या पंगतींतहि बीट होतें. कायद्याच्या दृष्टीनें दोन्ही सारखींच. परंतु एका ठिकाणीं तें पाहुण्याला दिपविण्यासाठीं मांडलें होतें आणि दुसऱ्या ठिकाणीं त्याच्याशीं चार घटका बोलत बसण्यासाठीं. साधेपणा हा पानांतल्या पदार्थाचा गुण नव्हे, तो वाढणाऱ्याच्या मनाचा गुण आहे. आणि मनाला लागू होईल असा कायदा रोमलाहि करतां आला नाहीं.