‘अडथळ्यांशी गाठ पडता’: दिव्यांगत्वाच्या व्याख्येवर भाष्य

शाळेत दिव्यांग कोणाला म्हणायचे, हे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 2, खंड (एस) मध्ये सांगितले आहे. वाक्य एकच आहे. तुकडे पाडून वाचू.

‘दीर्घकालीन’. म्हणजे किती काळ? अधिनियम महिने-वर्षे सांगत नाही. हात मोडून काही आठवडे प्लास्टरमध्ये असलेला मुलगा या शब्दाने बाहेर राहतो, एवढे निश्चित. पण दीर्घकालीन म्हणजे रोज दिसणारी, असा अर्थ काढू नकोस. गडचिरोलीच्या आश्रमशाळेतली सिकलसेल असलेली मुलगी घे. महिनाभर ती वर्गात इतरांसारखीच बसते. मग एके दिवशी हाडे-सांधे असे ठणकू लागतात की अंथरुणातून उठवत नाही. न्यूनता त्या बऱ्या दिवसांतही होतीच. 1995 च्या जुन्या दिव्यांग कायद्यातल्या सात प्रकारांत सिकलसेल नव्हता. 2016 च्या अधिनियमाच्या अनुसूचीत, म्हणजे दिव्यांगत्वांच्या यादीत, तो आहे.

‘शारीरिक, मानसिक, बौद्धिक किंवा ज्ञानेंद्रियांची न्यूनता’. ‘किंवा’ म्हणजे यांपैकी एक पुरे. एक शंका मात्र येईल. अनुसूचीने डिस्लेक्सियासारख्या अध्ययन अक्षमता बौद्धिक दिव्यांगत्वाच्या शीर्षकाखाली ठेवल्या आहेत. मग असे मूल बुद्धीने कमी समजायचे का? नाही. त्याखालचा मजकूर वाच: बोललेल्या किंवा लिहिलेल्या भाषेवर प्रक्रिया करताना येणारी उणीव, एवढेच तिथे म्हटले आहे. शीर्षकापेक्षा व्याख्या बलवान.

‘अडथळ्यांशी गाठ पडता’. इथे थांब. व्याख्येचा प्राण इथे आहे. अडथळा म्हणजे काय, ते खंड (सी) सांगतो: संवादाचा, आर्थिक, संस्थात्मक, सामाजिक, दृष्टिकोनाचा, बांधकामाचा, असा कोणताही घटक. याचा अर्थ, फक्त पायरी म्हणजे अडथळा नव्हे. त्या सिकलसेलच्या मुलीला हजेरीचा नियम आडवा येतो. अंधुक दिसणाऱ्या मुलाला उंचीप्रमाणे बसवण्याची रीत आडवी येते. तो उंच, म्हणून शेवटच्या बाकावर, आणि फळ्यावरचे अक्षर त्याच्यापर्यंत पोचतच नाही. व्याख्या अर्धी मुलाच्या शरीरात आहे आणि अर्धी शाळेत. डॉक्टर पहिला अर्धा भाग तपासतात. दुसरा कोणी तपासायचा? माझ्या मते शिक्षकाने. तो रोज त्या वर्गात उभा असतो.

‘इतरांच्या बरोबरीने पूर्ण व परिणामकारक सहभाग रोखला जातो’. पूर्ण म्हणजे सहल, प्रयोगशाळा, मैदान यांसह. परिणामकारक म्हणजे पटावर नाव असणे पुरत नाही.

आता या वाक्यात काय नाही, ते पाहा. टक्केवारी नाही. शाळेच्या कार्यालयात पहिला प्रश्न येतो, ‘किती टक्के?’ ही सवय 1995 च्या कायद्याची. तिथे दिव्यांग व्यक्तीच्या व्याख्येतच किमान 40 टक्के आणि वैद्यकीय प्रमाणपत्र अशी अट होती. 2016 मध्ये ती अट मूळ व्याख्येतून निघाली आणि खंड (आर) मध्ये, लक्षणीय दिव्यांगत्वाच्या व्याख्येत, गेली. दोन खंड, दोन वेगळी माणसे. ज्या कलमाला 40 टक्के हवेत ते कलम खंड (आर) चा शब्द वापरते. उदाहरणार्थ कलम 31: 6 ते 18 वयाच्या लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या मुलाला परिसरातल्या किंवा विशेष शाळेत, स्वतःच्या पसंतीने, मोफत शिक्षण. कलम 16 तो शब्द वापरत नाही; कलम 17 तो फक्त मोफत पुस्तके-साधने आणि शिष्यवृत्ती यांच्या खंडांत वापरते. म्हणजे शाळेची इमारत व सोयी वापरण्याजोग्या करणे, त्या मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करून देणे, परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट, या तरतुदी खंड (एस) मधल्या प्रत्येक मुलासाठी आहेत.

शिक्षण हक्क कायदा, 2009 काय म्हणतो? 2012 च्या दुरुस्तीने त्यात दिव्यांग बालकाची व्याख्या आली. ती 1995 च्या कायद्याकडे बोट दाखवते. पण कोणत्या खंडाकडे? सात प्रकारांची यादी देणाऱ्या खंड (आय) कडे, 40 टक्क्यांच्या खंड (टी) कडे नाही. म्हणजे तिथेही 40 टक्क्यांची अट नाही. 1995 चा कायदा आता रद्द झाला आहे, तेव्हा हा संदर्भ 2016 च्या अधिनियमाचा समजून वाचावा. सामान्य वाक्खंड अधिनियम, 1897 चे कलम 8 तसे वाचायला सांगते.

कोणी म्हणेल, टक्केवारी सोडली तर कोणीही लेखनिक मागेल. हा आक्षेप सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. 2021 मध्ये, लिहिताना हाताला पेटके येणाऱ्या एका परीक्षार्थीच्या प्रकरणात, न्यायालयाने लेखनिकाची सोय लक्षणीय दिव्यांगत्वापुरती बांधून ठेवण्यास नकार दिला. गैरवापराच्या भीतीने खऱ्या गरजवंताचा हक्क काढता येत नाही, असे सांगून केंद्राला मार्गदर्शक तत्त्वे करायला लावली. 10 ऑगस्ट 2022 ची मार्गदर्शक तत्त्वे त्यातूनच आली: 40 टक्क्यांहून कमी दिव्यांगत्व, पण लिहिण्यात अडचण, अशा परीक्षार्थींसाठी. त्यांत वैद्यकीय प्रमाणपत्र मागितले होते, पण ते लिहिण्याच्या अडचणीचे. तेव्हा कार्यालयात अर्ज आला की आधी तो कोणत्या कलमाखाली आहे ते पाहा, आणि ते कलम खंड (आर) चा शब्द वापरत असेल तरच टक्के विचार.