टेलिफोन केंद्रांचे टप्प्याटप्प्याने स्थित्यंतर : संगणक जाळ्यांसाठी एक ऐतिहासिक बोध

मुंबईत १८८२ साली टेलिफोन केंद्र सुरू झाले, तेव्हा प्रत्येक जोडणी ऑपरेटर हाताने करीत असे. कालांतराने स्वयंचलित व पुढे संगणक-नियंत्रित केंद्रे आली. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉटने ग्रामीण भागासाठी १२८ पोर्टचे स्वयंचलित केंद्र विकसित केले. मात्र देशाचे जाळे एकाच वेळी बदलले गेले नाही; जुनी-नवी केंद्रे परस्परांशी जोडलेली राहिली.

सॉफ्टवेअर-नियंत्रित जाळ्यांतही स्विचमधील निर्णयाचे कार्य मध्यवर्ती नियंत्रकाकडे सोपविले जाते. २००८ च्या ओपनफ्लो प्रस्तावाने या विचारास चालना दिली. लोहाऱ्यासारख्या ठिकाणच्या महाविद्यालयाने हा बदल स्वीकारताना आरंभी एकच प्रयोगशाळा निवडावी, अन्यत्र जुनी व्यवस्था चालू ठेवावी आणि परतीचा मार्ग राखावा. स्थित्यंतराचे यश सेवा अखंड राहण्यात असते, हाच या इतिहासाचा निष्कर्ष होय.