बोआच्या पिलाचा आहार : उपासापेक्षा घाईच घातक

मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या जंगलांत राहणारा 'बोआ कन्स्ट्रिक्टर' हा साप अमेरिका व युरोपातील अनेक घरांत पाळला जातो. अजगराप्रमाणे तोही बिनविषारी असून भक्ष्याला विळखा घालून मारतो. अंडी न घालता तो थेट पिलांना जन्म देतो. जन्मतः ही पिले साधारण ३५ ते ६० सेंटीमीटर लांब असतात. नीट सांभाळ झाला तर बोआ २० ते ३० वर्षे जगतो. मात्र, पिलाचे पहिले वर्ष नाजूक असते. या काळात पिले दगावण्यामागे अनेकदा उपासमार नव्हे, तर मालकाने अतिउत्साहाने भरवलेले जादा अन्न हेच कारण असते.

पहिला घास

जन्मानंतर पोटातील बलकाचा उरलेला साठा पिलाला काही दिवस पुरतो. साधारण एक ते दोन आठवड्यांत ते पहिली कात टाकते आणि त्यानंतरच त्याला पहिले भक्ष्य दिले जाते. हे भक्ष्य म्हणजे उंदराचे कोवळे, नुकतीच लव फुटलेली पिले. भक्ष्याची जाडी सापाच्या शरीराच्या सर्वांत जाड भागापेक्षा अधिक नसावी, हा सर्वसाधारण नियम आहे. सापाचा जबडा याहून मोठे भक्ष्यही गिळू शकतो. पण गिळता येणे आणि पचवता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पिलाला १० ते १४ दिवसांतून एकदा खाऊ घालणे पुरेसे ठरते.

भक्ष्य गोठवलेले असल्यास ते शीतकपाटात हळूहळू वितळवून मग कोमट पाण्याने गरम केले जाते. मायक्रोवेव्हमध्ये ते असमान तापते, बाहेरून शिजते तरी आतून थंडच राहते. जिवंत उंदीर सोडण्याची पद्धत धोक्याची आहे. उंदराच्या चाव्याने सापाला गंभीर जखमा होऊ शकतात.

पचनाचे गणित

साप स्वतःची उष्णता स्वतः निर्माण करत नाही. त्यामुळे त्याचे पचन सर्वस्वी बाहेरच्या तापमानावर अवलंबून असते. पिंजऱ्याची एक बाजू ३१ ते ३३ अंश सेल्सिअस आणि दुसरी बाजू २५ ते २७ अंश असावी. म्हणजे सापाला गरजेनुसार जागा बदलता येते. तापमान उतरले तर पाचकरसांचे काम मंदावते आणि भक्ष्य पचण्याऐवजी पोटातच कुजू लागते. हवेतील आर्द्रता ६० टक्क्यांच्या आसपास असावी आणि पिण्याचे ताजे पाणी सतत उपलब्ध असावे.

दोन जेवणांच्या मधल्या काळात अशा सापांची पचनसंस्था जणू विश्रांती घेते. भक्ष्य पोटात जाताच ती पुन्हा कामाला लागते आणि त्यासाठी शरीराची मोठी ऊर्जा खर्च होते. म्हणूनच खाल्ल्यानंतर किमान ४८ तास पिलाला हाताळू नये.

उलटी : धोक्याची घंटा

गिळलेले भक्ष्य काही दिवसांत अर्धवट पचलेल्या अवस्थेत बाहेर पडणे, ही या पिलांमधील सर्वांत गंभीर तक्रार होय. भक्ष्य फार मोठे असणे, थंड जागा, लागोपाठ भरवणे, खाल्ल्यावर हाताळणे ही तिची नेहमीची कारणे आहेत. उलटीबरोबर पाचकरस आणि पाणी शरीराबाहेर जाते, अन्ननलिकेला आम्लाचा दाह होतो आणि पिलू अशक्त होते.

मालकाची खरी चूक होते ती येथे. 'पोट रिकामे झाले' या काळजीने तो लगेच दुसरे भक्ष्य देतो. दुखावलेल्या पोटाला तेही झेपत नाही आणि उलट्यांचे दुष्टचक्र सुरू होते. त्यात पिलू दगावूही शकते. योग्य मार्ग नेमका उलटा आहे. किमान दोन आठवडे पिलाला उपाशी ठेवावे, तापमान तपासावे, पाणी द्यावे. त्यानंतर नेहमीच्या निम्म्या आकाराचे भक्ष्य द्यावे आणि पुढील काही जेवणे तशीच लहान ठेवावीत.

उलटी पुन्हा झाल्यास सरीसृपांची माहिती असलेल्या पशुवैद्यकाकडे जाणे आवश्यक ठरते. आतड्यातील परजीवी किंवा 'इन्क्लुजन बॉडी डिसीज' हा रोग त्यामागे असू शकतो. या रोगाशी संबंधित विषाणूंचा शोध २०१२ मध्ये लागला. रोगावर आजही उपचार नाही. विषाणू असूनही बोआ दीर्घकाळ निरोगी दिसू शकतो. त्यामुळे नवा साप काही महिने वेगळा ठेवणे शहाणपणाचे ठरते.

उपास आणि मलविसर्जन

कात टाकण्यापूर्वी, डोळे दुधाळ झाले असता, पिलू अनेकदा खाण्यास नकार देते. ते आजाराचे लक्षण नव्हे. रोज मलविसर्जन होत नाही, म्हणूनही घाबरू नये. कधी दोन-तीन जेवणांनंतर ते होते. विष्ठेसोबत दिसणारा पांढरा, खडूसारखा भाग हा युरिक आम्लाचा असतो. पोट फुगणे, वजन घटणे किंवा शेपटीखालील छिद्रातून गुलाबी मांसल भाग बाहेर येणे ही मात्र तातडीने उपचार घेण्याची लक्षणे आहेत. सापांच्या विष्ठेतून साल्मोनेला जिवाणूंचा संसर्ग माणसाला होऊ शकतो. म्हणून हाताळणीनंतर हात साबणाने धुवावेत आणि पाच वर्षांखालील मुलांना त्यांच्यापासून दूर ठेवावे.

भारतात काय?

बोआ हा आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेला प्राणी आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यातील २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली असून, अशा परदेशी प्राण्यांची नोंदणी बंधनकारक आहे. आपल्याकडील मांडूळ हा बोआचा दूरचा नातेवाईक. त्याला पाळणे किंवा विकणे हा गुन्हा आहे.

बोआच्या पिलाला मुबलक अन्नाची नव्हे, तर उबदार जागेची, माफक घासाची आणि मालकाच्या संयमाची गरज असते. त्याची भूक मालकाच्या काळजीपेक्षा कितीतरी संथ असते, हे ज्याला उमगले त्याचे पिलू सहसा जगते.