दम की पाय? 'आराम करा' या सल्ल्याचा इतिहास

वसई स्टेशनचा पूल चढताना मधल्या टप्प्यावर कठडा धरून थांबलेली माणसं तुम्ही पाहिली असतील. आमच्या आळीतले एक काका तिथे रोज थांबायचे. त्यांना सीओपीडी आहे, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार. "दम लागला का?" असं विचारलं, तर म्हणाले, "दम आहेच रे, पण त्याच्या आधी पाय भरून येतात." घरचे मात्र एकच सांगत होते: आराम करा.

हा आराम आला कुठून? माझ्या मते बराचसा क्षयरोगाच्या काळातून. डॉ. बिलिमोरियांनी १९१२ साली पाचगणीला बेल-एअर सॅनेटोरियम काढलं, तेव्हा जगभर उपचार म्हणजे मोकळी हवा, चांगलं अन्न आणि विश्रांती. पण तेव्हाही एक वेगळी वाट होती. इंग्लंडमधल्या फ्रिमली इथे मार्कस पॅटरसन रुग्णांना आधी चालायला लावायचा, मग मातीच्या टोपल्या वाहायला, मग फावडं, शेवटी कुदळ. ताकद पायरीपायरीने. यामागे त्याने मांडलेलं शास्त्रीय कारण पुढे टिकलं नाही. (बरोबर दिशा आणि चुकीचं कारण ही जोडी तुम्हाला संशोधनात वारंवार भेटेल.)

विश्रांतीला खरा धक्का आपल्याच देशात बसला. १९५९ साली मद्रासच्या चाचणीचे निष्कर्ष आले. तीच औषधं घेणारे काही रुग्ण सॅनेटोरियममध्ये, काही आपल्या गरीब वस्तीतल्या घरी. घरच्यांना अन्न कमी, आराम कमी, तरी वर्षाअखेर निकाल जवळपास सारखाच. क्षयाच्या उपचारातून खाट हळूहळू हलली. 'छाती कमजोर, हालचाल नको' ही समजूत मात्र घराघरांत राहिली, आणि ती दुसऱ्या आजारांनाही चिकटली.

सीओपीडीच्या बाबतीत १९६०च्या दशकात डेन्व्हरला थॉमस पेटी आणि सहकाऱ्यांनी रुग्णांना चालवायला सुरुवात केली. तरी रोख होता फुप्फुसांवर. पायांना कोणी विचारलंच नव्हतं. ते काम कॅनडातल्या हॅमिल्टनच्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या गटाने केलं. सायकल चालवणाऱ्या रुग्णाला ते दोन वेगळे आकडे विचारत: श्वासाचा त्रास किती, पायांचा किती? बऱ्याच जणांना पायांनीच थांबवलं होतं. म्हणजे आमच्या काकांचंच उत्तर.

याच गटाची १९९२ सालची 'थोरॅक्स'मधली चाचणी नीट वाचा. ३४ रुग्ण, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटलेले. एका गटाने आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा हातापायांचे वजनाचे व्यायाम केले. स्वतःच्या कमाल क्षमतेच्या ८० टक्क्यांवर सायकल चालवण्याचा त्यांचा वेळ ५१८ सेकंदांवरून ८९८ सेकंदांवर गेला. पण कमाल क्षमता वाढली नाही, आणि सहा मिनिटांत चाललेलं अंतरही नाही! समजा तुम्ही फक्त ती चालण्याचीच चाचणी घेतली असती, तर 'वजन उचलून उपयोग नाही' असं लिहून मोकळे झाला असता. काय मोजायचं हे ठरवताना अर्धा निकाल ठरलेला असतो.

पुढे १९९८ साली क्विबेकच्या संशोधकांनी सीटी स्कॅनवर दाखवलं, की या रुग्णांच्या मांडीचा स्नायूच घटलेला असतो. दम लागतो म्हणून माणूस बसतो, बसून मांडी झिजते, आणि झिजलेल्या मांडीमुळे पुढच्या वेळी दम लवकर लागतो.

वसई-विरारमध्ये काम करायचं झालं, तर नमुन्यात फक्त बिडी-सिगारेटवाले घेऊ नका. पुण्याचे संदीप साळवी आणि पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीकडे लक्ष वेधलं होतं. चुलीपुढे आयुष्य काढलेल्या आज्या इथल्या गावांतही आहेत.

काका सध्या डॉक्टरांना विचारून फिजिओथेरपिस्टकडे जातात. खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, घोट्याला वाळूच्या पिशव्या. वजन उचलताना श्वास रोखायचा नाही, ही त्यांना मिळालेली पहिली ताकीद. परवा पुलावर भेटले तेव्हा थांबलेलेच होते, पण एक टप्पा वर.