फ्लॉरेन्समधील कोल्हापूरची छत्री

युरोपांतील एखादी जुनी राजधानी पाहण्याचा बेत आंखतांना आपण मार्गदर्शक पुस्तकांतील याद्या पाठ करतों. फ्लॉरेन्सच्या यादींत ब्रुनेलेस्कीचा घुमट असावयाचाच. पण १८६५ ते १८७१ पर्यंत हें नगर इटलीची राजधानी होतें, हें पुष्कळांच्या ध्यानीं नसतें.

त्याच काळांत, १८७० सालीं, करवीरचे छत्रपति दुसरे राजाराममहाराज विलायत पाहून परततांना तेथें आले, आणि ३० नोव्हेंबर रोजीं, अवघ्या वीस वर्षांच्या वयांत, निवर्तले. प्रवासांत त्यांनीं लिहिलेली इंग्रजी रोजनिशी पुढें १८७२ मध्यें लंडनांत छापली गेली.

दहनाची रूढि नसलेल्या त्या नगरांत परवानगी मिळवावी लागली. संगमाचें स्थान हवें, म्हणून आर्नो व मुन्योने या नद्या मिळतात तेथें रात्रीं चिता रचिली. भीमाकांठच्या वडगाव रासाईच्या शेतकऱ्यास यांत नवल नाहीं. फ्लॉरेन्सकरांस मात्र केवढें वाटलें असेल!

१८७४ मध्यें तेथें छत्री उभी राहिली. रचना चार्ल्स मँट यांची (कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचे वास्तुशिल्पी तेच). आंतला रंगविलेला अर्धपुतळा फुलर यांचा.

तेव्हां बेतांत एक सकाळ कॅशिने उद्यानाकरितां राखावी. तें आर्नोच्या कांठानें लांबच लांब पसरलें आहे, आणि छत्री त्याच्या अगदीं पश्चिम टोंकास. अर्ध्या वाटेवरून परत फिरूं नये. तेथेंच, १९७८ सालीं खुला झालेला एक पूल आहे; त्याच्या नांवाचा अर्थ ‘हिंदी माणसाजवळचा पूल’. महाराजांचें नांव त्यांत नाहीं, कोल्हापूरचेंहि नाहीं.