२०२४ उन्हाळी पॅरालिंपिक स्पर्धेत भारत

फ्रान्सची राजधानी पॅरिस येथे २८ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर २०२४ या काळात झालेल्या उन्हाळी पॅरालिंपिक स्पर्धेत भारताने ८४ खेळाडूंचे पथक उतरवले. या पथकाने ७ सुवर्ण, ९ रौप्य आणि १३ कांस्य अशी एकूण २९ पदके मिळवली आणि पदकतालिकेत अठरावे स्थान पटकावले. एकूण पदके, सुवर्णपदके आणि पथकाचा आकार या तिन्ही बाबतींत ही भारताची तोपर्यंतची सर्वोत्तम पॅरालिंपिक स्पर्धा ठरली. २०२० च्या टोकियो स्पर्धेत (कोविड साथीमुळे ती २०२१ मध्ये झाली) भारताने १९ पदके जिंकली होती.

पार्श्वभूमी

भारताने पॅरालिंपिकमध्ये पहिल्यांदा भाग घेतला तो १९६८ साली तेल अवीव येथे. पहिले पदक १९७२ च्या हायडेलबर्ग स्पर्धेत मिळाले. १९६५ च्या युद्धात जायबंदी झालेले भारतीय सैन्यातील जवान मुरलीकांत पेटकर यांनी ५० मीटर मुक्त शैली जलतरणात ३७.३३ सेकंदांची वेळ देऊन सुवर्णपदक जिंकले. पेटकर हे सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे. १९८४ मध्ये भारताला चार पदके मिळाली, त्यांपैकी तीन जोगिंदर सिंग बेदी यांची आणि एक भीमराव केसरकर यांचे होते. त्यानंतर २००४ पर्यंत भारताची पदकांची पाटी कोरीच राहिली. २००४ मध्ये दोन, २०१२ मध्ये एक आणि २०१६ मध्ये चार पदके मिळाली. अशा रीतीने १९६८ पासून २०१६ पर्यंतच्या जवळजवळ अर्धशतकात भारताच्या खात्यावर एकूण १२ पदके जमा झाली होती. टोकियो आणि पॅरिस या पुढच्या दोनच स्पर्धांनी त्यांत ४८ पदकांची भर घातली. पॅरिसअखेर ही संख्या ६० झाली असून त्यांत १६ सुवर्णपदके आहेत.

पथक

टोकियो येथे भारताचे ५४ खेळाडू ९ क्रीडाप्रकारांत उतरले होते. पॅरिसला ८४ खेळाडू (५२ पुरुष व ३२ महिला) १२ क्रीडाप्रकारांत सहभागी झाले. ॲथलेटिक्समध्ये ३८, बॅडमिंटनमध्ये १३, नेमबाजीत १० आणि तिरंदाजीत ६ खेळाडू होते. उरलेले १७ खेळाडू ज्युदो, कनू, सायकलिंग, पॉवरलिफ्टिंग, रोइंग, जलतरण, टेबल टेनिस आणि तायक्वांदो या आठ प्रकारांत विभागलेले होते. सायकलिंग, रोइंग आणि ज्युदो या तीन खेळांत भारत पॅरालिंपिकमध्ये प्रथमच सहभागी झाला.

उद्घाटन सोहळ्यात भालाफेकपटू सुमित अंतिल आणि नांदेड जिल्ह्यातील गोळाफेकपटू भाग्यश्री जाधव हे भारताचे ध्वजवाहक होते. समारोपाच्या वेळी हा मान हरविंदर सिंग आणि प्रीती पाल यांना मिळाला. भारतीय पॅरालिंपिक समितीचे अध्यक्षपद या वेळी देवेंद्र झाझडिया यांच्याकडे होते. ते स्वतः भालाफेकीत २००४ आणि २०१६ चे सुवर्णपदक विजेते आहेत. समितीने २५ हून अधिक पदकांचे उद्दिष्ट ठेवले होते.

वर्गीकरण

पॅरालिंपिकमधील निकाल समजून घेण्यासाठी खेळाडूंच्या वर्गीकरणाची पद्धत माहीत असणे आवश्यक आहे. दिव्यांगत्वाचा प्रकार आणि खेळावर होणारा त्याचा परिणाम पाहून प्रत्येक खेळाडूला एक वर्ग दिला जातो. ॲथलेटिक्समध्ये धावणे व उड्या यांसाठी ‘टी’ आणि फेकीच्या प्रकारांसाठी ‘एफ’ हे अक्षर वापरतात. त्यापुढील अंक दिव्यांगत्व दर्शवतो. ११ ते १३ हे अंक दृष्टिदोषासाठी, २० बौद्धिक दिव्यांगत्वासाठी, ३० च्या मालिकेतील अंक मेंदूच्या पक्षाघातासारख्या समन्वयाच्या दोषांसाठी, ४० व ४१ खुज्या उंचीसाठी आणि ४२ ते ४७ हातापायांतील दोषांसाठी आहेत. बसून फेक करणाऱ्यांसाठी ५१ ते ५७ आणि कृत्रिम पाय लावून खेळणाऱ्यांसाठी ६१ ते ६४ हे अंक आहेत.

एकाच नावाच्या स्पर्धेत कित्येकदा जवळचे दोन वर्ग एकत्र खेळवले जातात. पुरुषांच्या एफ६४ भालाफेकीत एफ४४ वर्गाचे खेळाडूही होते. भारताचे संदीप चौधरी हे त्यांपैकी एक. टोकियोप्रमाणेच पॅरिसमध्येही त्यांना चौथ्या स्थानावर समाधान मानावे लागले.

क्रीडाप्रकारांनुसार पदके

| क्रीडाप्रकार | सुवर्ण | रौप्य | कांस्य | एकूण |
|---|---|---|---|---|
| ॲथलेटिक्स | ४ | ६ | ७ | १७ |
| बॅडमिंटन | १ | २ | २ | ५ |
| नेमबाजी | १ | १ | २ | ४ |
| तिरंदाजी | १ | ० | १ | २ |
| ज्युदो | ० | ० | १ | १ |
| एकूण | ७ | ९ | १३ | २९ |

पुरुषांनी १८ आणि महिलांनी १० पदके जिंकली, तर एक पदक मिश्र संघाचे होते. पॅरिसच्या तारखेनुसार २ सप्टेंबर या एकाच दिवशी भारताला आठ पदके मिळाली.

ॲथलेटिक्स

भालाफेक : सुमित अंतिल यांनी एफ६४ वर्गात ७०.५९ मीटर फेक करून पॅरालिंपिक विक्रमासह सुवर्णपदक राखले. पॅरालिंपिकमधील सुवर्णपदक पुढच्याच स्पर्धेत राखणारे ते पहिले भारतीय पुरुष होत. एफ४६ वर्गात अजीत सिंग (६५.६२ मीटर) यांना रौप्य व सुंदर सिंग गुर्जर (६४.९६ मीटर) यांना कांस्यपदक मिळाले. एफ४१ वर्गात नवदीप सिंग यांनी ४७.३२ मीटर फेक केली. प्रत्यक्ष मैदानात ते दुसरे होते. इराणचे सादेग बेत सायाह यांची फेक त्यांच्याहून लांब होती, मात्र स्पर्धेनंतर अनुचित वर्तनाच्या नियमाखाली ते अपात्र ठरले आणि सुवर्णपदक नवदीप यांना देण्यात आले. टोकियो येथे नवदीप चौथे होते.

क्लब थ्रो : पकडण्याची ताकद कमी असलेल्या खेळाडूंसाठीच्या या प्रकारात लाकडी मुद्गलासारखे साधन बसून फेकले जाते. एफ५१ वर्गात धरमबीर यांचे पहिले चार प्रयत्न नियमबाह्य ठरले. पाचव्या प्रयत्नात त्यांनी ३४.९२ मीटरचा आशियाई विक्रम करून सुवर्णपदक जिंकले. प्रणव सूरमा (३४.५९ मीटर) दुसरे आले. धरमबीर यांना या खेळाकडे वळवणारे अमित कुमार सरोहा हेही याच अंतिम फेरीत सहभागी होते.

उंच उडी : टी६४ वर्गात प्रवीण कुमार यांनी २.०८ मीटरच्या आशियाई विक्रमासह सुवर्णपदक मिळवले. टोकियो येथे त्यांना रौप्यपदक मिळाले होते. टी४७ वर्गात निषाद कुमार (२.०४ मीटर) यांनी सलग दुसऱ्यांदा रौप्यपदक जिंकले. टी६३ वर्गात शरद कुमार (१.८८ मीटर) यांना रौप्य, तर मरियप्पन थंगवेलू (१.८५ मीटर) यांना कांस्यपदक मिळाले. २०१६ चे सुवर्ण आणि २०२० चे रौप्य जमेस असलेले मरियप्पन हे सलग तीन पॅरालिंपिक स्पर्धांत पदक मिळवणारे पहिले भारतीय ठरले.

गोळाफेक व थाळीफेक : सांगली जिल्ह्याच्या आटपाडी तालुक्यातील करगणी गावचे सचिन खिलारी यांनी एफ४६ वर्गात १६.३२ मीटरच्या आशियाई विक्रमासह रौप्यपदक जिंकले. कॅनडाचे ग्रेग स्टुअर्ट (१६.३८ मीटर) यांच्यापेक्षा ते अवघे सहा सेंटिमीटर मागे राहिले. शालेय वयात सायकलवरून पडून झालेल्या अपघातामुळे खिलारी यांचा डावा हात अधू झाला. १९८४ मधील बेदी यांच्या पदकानंतर पुरुष गोळाफेकीत भारताला मिळालेले हे पहिले पदक होय. एफ५७ वर्गात नागालँडचे होकाटो होतोझे सेमा (१४.६५ मीटर) यांनी कांस्यपदक मिळवले. जम्मू-काश्मीरमध्ये सैन्यात कर्तव्यावर असताना भूसुरुंगाच्या स्फोटात त्यांनी पाय गमावला होता. थाळीफेकीच्या एफ५६ वर्गात योगेश कथुनिया यांनी ४२.२२ मीटर फेकीसह टोकियोप्रमाणेच रौप्यपदक मिळवले.

धावणे : प्रीती पाल यांनी टी३५ वर्गात १०० मीटर (१४.२१ सेकंद) आणि २०० मीटर (३०.०१ सेकंद) या दोन्ही शर्यतींत कांस्यपदक जिंकले. भारताला धावण्याच्या शर्यतीत मिळालेले हे पहिले पॅरालिंपिक पदक होते. दीप्ती जीवनजी यांनी टी२० वर्गाच्या ४०० मीटर शर्यतीत ५५.८२ सेकंदांसह कांस्यपदक मिळवले. बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या खेळाडूने भारतासाठी जिंकलेले हे पहिले पॅरालिंपिक पदक होय. सिमरन शर्मा यांनी मार्गदर्शक धावपटू अभय सिंग यांच्यासह टी१२ वर्गाची २०० मीटर शर्यत २४.७५ सेकंदांत पूर्ण करून कांस्यपदक मिळवले.

नेमबाजी

महिलांच्या १० मीटर एअर रायफल (एसएच१) प्रकारात अवनी लेखरा यांनी २४९.७ गुणांच्या पॅरालिंपिक विक्रमासह सुवर्णपदक राखले. शेवटच्या नेमाआधी त्या दक्षिण कोरियाच्या ली युनरी यांच्यापेक्षा ०.८ गुणांनी मागे होत्या. अखेरच्या नेमावर अवनी यांनी १०.५ गुण घेतले, तर ली यांना केवळ ६.८ गुण मिळाले. पॅरालिंपिकमध्ये दोन सुवर्णपदके जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला आहेत. याच स्पर्धेत मोना अग्रवाल (२२८.७) यांना कांस्यपदक मिळाले. पुरुषांच्या १० मीटर एअर पिस्तूल प्रकारात मनीष नरवाल (२३४.९) यांनी रौप्य, तर महिलांच्या गटात रुबिना फ्रान्सिस (२११.१) यांनी कांस्यपदक जिंकले.

बॅडमिंटन

एसएल३ वर्गाच्या अंतिम सामन्यात नितेश कुमार यांनी ब्रिटनच्या डॅनियल बेथेल यांचा २१–१४, १८–२१, २३–२१ असा पराभव करून सुवर्णपदक मिळवले. या वर्गातील टोकियोचे विजेते प्रमोद भगत पॅरिसला नव्हते. उत्तेजकविरोधी नियमांनुसार आपल्या ठावठिकाण्याची माहिती देण्यात एका वर्षात तीनदा कसूर झाल्याने त्यांच्यावर १८ महिन्यांची बंदी होती. एसएल४ वर्गात सनदी अधिकारी सुहास यतिराज यांना फ्रान्सच्या लुकास माझूर यांच्याकडून सलग दुसऱ्या पॅरालिंपिक अंतिम सामन्यात हार पत्करावी लागली. महिलांच्या एसयू५ वर्गात तुलसीमती मुरुगेसन यांना रौप्य व मनीषा रामदास यांना कांस्यपदक, तर एसएच६ वर्गात नित्या श्री सिवन यांना कांस्यपदक मिळाले.

तिरंदाजी

हरविंदर सिंग यांनी रिकर्व्ह प्रकाराच्या अंतिम फेरीत पोलंडच्या लुकाश चिशेक यांच्यावर ६–० असा विजय मिळवला. ऑलिंपिक आणि पॅरालिंपिक मिळून तिरंदाजीतील हे भारताचे पहिलेच सुवर्णपदक होय. कंपाउंड प्रकाराच्या मिश्र गटात शीतल देवी व राकेश कुमार यांनी इटलीच्या जोडीला १५६–१५५ असे एका गुणाने हरवून कांस्यपदक घेतले. जन्मतः हात नसलेल्या शीतल या पायाने धनुष्य धरून नेम साधतात. वैयक्तिक स्पर्धेत मात्र तोच एक गुण दोघांच्या विरोधात गेला. शीतल उपउपांत्य फेरीआधीच १३७–१३८ अशा पराभूत झाल्या आणि राकेश यांचे कांस्यपदक १४६–१४७ असे हुकले.

ज्युदो

दृष्टिदोष असलेल्या खेळाडूंच्या ६० किलो (जे१) गटात मध्य प्रदेशाचे कपिल परमार यांनी ब्राझीलच्या एलिएल्टन डी ऑलिव्हेरा यांना १०–० असे हरवून कांस्यपदक मिळवले. ज्युदोतील हे भारताचे पहिले पॅरालिंपिक पदक आहे.

महाराष्ट्रातील खेळाडू

खिलारी यांच्याखेरीज महाराष्ट्राचे अन्य खेळाडूही पदकाच्या जवळ पोहोचले. सांगली जिल्ह्याचेच सुकांत कदम बॅडमिंटनच्या एसएल४ वर्गात उपांत्य फेरीत सुहास यतिराज यांच्याकडून आणि नंतर कांस्यपदकाच्या सामन्यात इंडोनेशियाच्या फ्रेडी सेतियावान यांच्याकडून पराभूत झाले. भाग्यश्री जाधव एफ३४ गोळाफेकीत पाचव्या आल्या. दिलीप गावित यांनी टी४७ वर्गाच्या ४०० मीटर शर्यतीची अंतिम फेरी गाठली.

यशाचे स्वरूप आणि मर्यादा

पाच स्पर्धांमध्ये दोन-दोन भारतीय खेळाडू पदकमंचावर होते : महिला एअर रायफल, महिला बॅडमिंटन एसयू५, उंच उडी टी६३, भालाफेक एफ४६ आणि क्लब थ्रो एफ५१. २९ पैकी १० पदके अशी जोडीने आली. एखाद्या वर्गात एकाच देशाचे अनेक खेळाडू परस्परांशी स्पर्धा करत तयार होतात, तेव्हा असे निकाल लागतात. पूर्वी भारताचे पदक हे बहुधा एकट्या खेळाडूच्या जिद्दीचे फळ असे. पॅरिसचे चित्र त्याहून वेगळे होते.

हे बळ सर्व खेळांत सारखे नव्हते. सहभागाच्या १२ प्रकारांपैकी ७ प्रकारांत एकही पदक मिळाले नाही. टोकियो येथे टेबल टेनिसमध्ये रौप्यपदक जिंकणाऱ्या भाविना पटेल यांचे आव्हान उपांत्यपूर्व फेरीत संपले. व्हीलचेअर बास्केटबॉल, गोलबॉल, बैठे व्हॉलीबॉल, अंध फुटबॉल यांसारख्या सांघिक खेळांत भारताचा संघ नव्हता. पहिले सुवर्णपदक ज्या खेळाने मिळवून दिले, त्या जलतरणात भारताचे एकमेव प्रतिनिधी सोलापूरचे सुयश जाधव होते. पदकतालिकेत पहिल्या आलेल्या चीनने ९४ सुवर्णांसह २२० पदके मिळवली, हे लक्षात घेता अठराव्या स्थानापुढील वाट अजून लांबची आहे.

सन्मान

केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने सुवर्णपदक विजेत्यांना ७५ लाख, रौप्यपदक विजेत्यांना ५० लाख व कांस्यपदक विजेत्यांना ३० लाख रुपयांचे पारितोषिक जाहीर केले. २०२४ च्या राष्ट्रीय क्रीडा पुरस्कारांत प्रवीण कुमार यांना मेजर ध्यानचंद खेलरत्न पुरस्कार मिळाला. अर्जुन पुरस्काराच्या ३२ मानकऱ्यांपैकी १७ पॅरा-खेळाडू होते, त्यांत सचिन खिलारी यांचा समावेश होता. हरविंदर सिंग यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. पहिल्या सुवर्णपदकानंतर ५२ वर्षांनी, याच २०२४ च्या पुरस्कारांत, मुरलीकांत पेटकर यांना जीवनगौरवाचा अर्जुन पुरस्कार देण्यात आला.